चर्चेचं गुऱ्हाळ आणि साठ मतांचं कुलूप

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये सरकारचा खर्च चालू ठेवण्याच्या विधेयकावर मतदान झालं. बाजूने ५५, विरोधात ४५. आपल्याकडे शाळकरी मुलाला विचारलं तरी तो सांगेल की विधेयक मंजूर. तिथे ते नामंजूर ठरलं. मध्यरात्र उलटली आणि केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं, ते ४३ दिवस बंद राहिलं. आपली दिवाळी आली आणि गेली. तिकडे लाखो सरकारी कर्मचारी एकतर बिनपगारी घरी बसले होते, नाहीतर बिनपगारी कामावर येत होते. विमानांना वाट दाखवणाऱ्या नियंत्रकांचाही पगार थांबला होता. नोव्हेंबर उजाडला तेव्हा चार कोटींहून अधिक लोकांची किराण्यासाठीची सरकारी मदत अडकली.

या काळात राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन पक्षाचे, प्रतिनिधीगृहात त्यांचंच बहुमत आणि सिनेटच्या १०० जागांपैकी ५३ त्यांच्याच. मग अडलं कुठे? बातम्यांमध्ये एक शब्द सारखा येत होता: फिलिबस्टर. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘लांबलचक भाषण करून विधेयक रोखणं’ असा दिलेला असतो. पण त्या ४३ दिवसांत सरकार बंद ठेवणारं असं कुणाचंच अखंड भाषण चाललेलं नव्हतं. या विषयाची खरी गुंतागुंत इथेच आहे.

आधी दोन मतदानं वेगळी करू

समजा, तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली आहे. पाण्याची नवी टाकी बांधायची की नाही, हा विषय. १०० सभासदांपैकी ५५ जणांना टाकी हवी आहे. पण सोसायटीच्या नियमांत एक ओळ आहे: कुणाला बोलायचं शिल्लक असेल, तोवर मतदान घ्यायचं नाही. टाकी नको असलेले एक गृहस्थ उठतात. टाकीवरून पाइपांवर येतात, पाइपांवरून जुन्या गळतीवर, गळतीवरून वर्गणीच्या हिशेबावर. त्यांचा घसा बसला की त्यांचे मित्र उभे राहतात. रात्रीचे अकरा वाजतात, लोक पांगतात. टाकीचा ठराव हरलेला नाही. तो मताला आलेलाच नाही.

यावर सोसायटी एक तोड काढते. ‘आता चर्चा पुरे’ असा वेगळा ठराव मांडता येईल, पण तो मंजूर व्हायला १०० पैकी ६० मतं लागतील. म्हणजे टाकीला ५१ मतं पुरतात, मात्र टाकीवर मत घ्यायला ६० लागतात. ज्याच्याकडे ४१ माणसं आहेत तो टाकी होऊच देणार नाही.

सिनेटमध्ये नेमकं हेच होतं. चर्चा संपू न देता विधेयक अडवण्याला फिलिबस्टर म्हणतात, आणि ‘चर्चा पुरे’च्या ठरावाला क्लोचर. क्लोचरला मी पुढे चर्चाबंदी म्हणेन. हा प्रकार फक्त सिनेटमध्ये आहे. ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधीगृहात चर्चेचे तास आधीच ठरतात आणि साध्या बहुमताने काम उरकतं.

‘फिलिबस्टर’ हा मूळचा समुद्री लुटारूंसाठीचा शब्द. डच भाषेतून तो स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मध्य अमेरिकेतल्या देशांवर परस्पर स्वाऱ्या करणाऱ्या अमेरिकी साहसवीरांना तो लावत. नंतर सभागृहाचं कामकाज ओलीस धरणाऱ्यांना तो चिकटला.

राज्यघटनेत हे कुठेच नाही

सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात, मुदत सहा वर्षांची. त्यामुळे अनेकांचा समज असतो की अल्पमताला रोखण्याचा अधिकार देणं हीच घटनाकारांची योजना होती. तसं नाही. जिथे दोन-तृतीयांश मतं हवीत, तिथे अमेरिकी घटनेने ते स्पष्ट लिहिलं आहे: परराष्ट्र करार, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडणं, महाभियोगात दोषी ठरवणं, सदस्याची हकालपट्टी, घटनादुरुस्ती. साध्या कायद्याचं नाव या यादीत नाही. उलट समसमान मतं पडली तर उपराष्ट्राध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं, अशी तरतूद आहे. मुळात निकाल साध्या बहुमताने लागणार असेल, तरच त्या तरतुदीला अर्थ आहे.

मग हे आलं कुठून? सुरुवातीच्या सिनेटच्या नियमांत चर्चा थांबवून मत घेण्यासाठी वापरता येईल असा एक प्रस्ताव होता. तो क्वचितच वापरला जाई. १८०५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांनी निरोप घेताना नियमावली आटोपशीर करा असं सुचवलं आणि १८०६ मध्ये तो नियम वगळला गेला. घर आवरताना न लागणारी किल्ली रद्दीत जावी, तसं. त्या किल्लीचं कुलूप कोणतं, हे लोकांना तीसेक वर्षांनी कळलं. १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून चर्चा लांबवून कामकाज अडवण्याचे प्रकार सुरू झाले, आणि त्यांना थांबवण्याची सोय नियमांत उरलीच नव्हती.

ही सोय झाली १९१७ मध्ये. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि व्यापारी जहाजांवर तोफा बसवायची परवानगी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना हवी होती. मोजक्या सिनेटरांनी अधिवेशन संपेपर्यंत बोलून ते विधेयक मारलं. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच सिनेटने चर्चाबंदीचा नियम केला: मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश तयार असतील तर चर्चा थांबेल. १९७५ मध्ये हे प्रमाण एकूण सदस्यांच्या तीन-पंचमांशांवर आणलं गेलं. आजचा ६० हा आकडा तिथून आलेला आहे.

या नियमाची किंमत कुणी मोजली

इथे जरा थांबावं लागेल. नियमांची चर्चा करताना त्या नियमांखाली कोण दबलं, हे बहुतेकदा राहून जातं.

दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय माणसांना जमावाने पकडून झाडाला टांगून मारणं ही दशकानुदशकं चाललेली गोष्ट होती. स्थानिक पोलीस आणि न्यायालयं गुन्हेगारांना हात लावत नसत. त्यामुळे हा केंद्रीय गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने तसं विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी चर्चेचं गुऱ्हाळ घालून ते संपवलं. १९३० च्या दशकात पुन्हा प्रयत्न झाले, पुन्हा तेच. २००५ मध्ये सिनेटने अशा कायद्याच्या अपयशाबद्दल ठराव करून माफी मागितली. कायदा मात्र मार्च २०२२ मध्ये झाला. पहिल्या विधेयकाला तेव्हा शंभर वर्षं होत होती.

१९५७ मध्ये मतदानाच्या हक्काविषयीचं एक मवाळ विधेयक आलं. त्याविरुद्ध साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड सलग २४ तास १८ मिनिटं बोलले. लघवीला जावं लागू नये म्हणून त्यांनी आधी वाफेचं स्नान करून अंगातलं पाणी कमी केलं होतं. भाषणात ते राज्यांचे निवडणूक कायदे वाचत राहिले. विधेयक तरीही मंजूर झालं, पण शरीराचा असा हट्ट कशासाठी होता, तर शेजारच्या माणसाला मत देता येऊ नये यासाठी.

१९६४ चा नागरी हक्क कायदा ही या सगळ्यातली निर्णायक लढाई. हॉटेल, नोकरी, शाळा यांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारं हे विधेयक दक्षिणेच्या सिनेटरांनी ६० दिवसांचं कामकाज खाऊन अडवून धरलं. त्याआधी नागरी हक्कांच्या एकाही विधेयकावर चर्चाबंदी कधीच मंजूर झालेली नव्हती. तेव्हा ६७ मतं लागत. विरोधक आणि समर्थक दोघांतही डेमोक्रॅट होते. त्यांचा पक्षच उत्तर-दक्षिण असा दुभंगलेला होता, म्हणून रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपली माणसं सोबत आणल्याशिवाय गणित जमणार नव्हतं. १० जून १९६४ रोजी मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाली होती आणि वाचा गेली होती. त्यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी बोट आपल्या डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत ‘डोळा’ आणि ‘होकार’ या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, ‘आय’. ते मत मोजलं गेलं. ७१ विरुद्ध २९. पुढच्या महिन्यात एंगल गेले.

फिलिबस्टर म्हणजे एकाकी माणसाचा बलाढ्य सत्तेशी झगडा, असं चित्र खूप लोकप्रिय आहे. मला ते मान्य होत नाही, ते याच इतिहासामुळे. विसाव्या शतकात हे हत्यार सर्वांत चिकाटीने वापरलं, ते ज्यांच्या हाती आपापल्या राज्यांतली सगळी सत्ता होती त्यांनी. तेही सत्ता नसलेल्यांविरुद्ध.

भाषण गेलं, अडवणूक राहिली

आज वृत्तवाहिन्यांवर चोवीस तास बोलणारा सिनेटर दिसला, तर तो बहुधा फिलिबस्टर करत नसतो. न्यू जर्सीचे कोरी बुकर मार्च २०२५ च्या शेवटच्या दिवशी बोलायला उभे राहिले ते २५ तास ५ मिनिटांनी थांबले आणि थर्मंड यांचा विक्रम मोडला. पण ते कुठलंही विधेयक अडवत नव्हते. त्यांचं भाषण हा निषेध होता.

खरी अडवणूक आता मुकाट्याने होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेटचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी एक व्यावहारिक सोय केली. एका विधेयकावर चर्चा अडली तर ते बाजूला ठेवून दुसरं काम चालवायचं. हेतू चांगला होता, एका भांडणापायी सगळं सभागृह ठप्प होऊ नये. परिणाम वेगळाच झाला. पूर्वी अडवणाऱ्याला उभं राहावं लागे, बोलावं लागे, झोप सोडावी लागे आणि ‘हा माणूस देशाचं काम अडवतोय’ हे लोकांना दिसे. आता ‘आमचा विरोध आहे’ एवढा निरोप नेत्याकडे पोचला की झालं. विधेयक पुढे न्यायचं तर ६० मतं जमवण्याची जबाबदारी बहुमतावर येऊन पडते. अडवणाऱ्याने सभागृहात हजर असण्याचीही गरज नाही.

जी गोष्ट फुकट मिळते ती जास्त वापरली जाते. १९१७ ते १९७० या काळात चर्चाबंदीचे ६० प्रस्तावही दाखल झाले नव्हते. २०२१-२२ या दोन वर्षांच्या एका सत्रातच ३०० हून अधिक झाले. यातले बरेच नियुक्त्यांसाठीचे होते, हेही सांगायला हवं. तरी अपवादाचा रिवाज झाला आहे, यात शंका नाही. वेळेचाही हिशोब आहे. प्रस्तावावर १६ सह्या लागतात, मध्ये एक दिवस जावा लागतो, मग मतदान आणि त्यानंतरही ३० तासांपर्यंत चर्चा. विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही, यावरसुद्धा हीच कसरत. एका विधेयकात सहज आठवडा जातो.

मग एवढे मोठे कर कायदे मंजूर कसे होतात?

यासाठी एक वेगळी गल्ली आहे. तिचं नाव रिकन्सिलिएशन. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने ती आखून दिली. कर आणि खर्च यांचा मेळ घालणाऱ्या विधेयकावर चर्चा २० तासांतच संपते, म्हणून फिलिबस्टरला जागा उरत नाही आणि ५१ मतं पुरतात. आपल्याकडे धन विधेयक राज्यसभेला अडवता येत नाही, त्याच्या जवळपास जाणारी ही कल्पना आहे. जुलै २०२५ मधला ट्रम्प यांचा कर आणि खर्चाचा भला मोठा कायदा ५०-५० अशी कोंडी झाल्यावर उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने, याच गल्लीतून गेला.

पण गल्लीत शिरताना झडती होते. ज्या तरतुदीचा तिजोरीशी संबंध नावापुरताच आहे ती बाहेर काढावी लागते. काय बसतं आणि काय नाही, याचा सल्ला पार्लमेंटेरियन म्हणजे सिनेटचा नियमतज्ज्ञ देतो. २०२१ मध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची तरतूद याच सल्ल्यामुळे गळाली. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच आहे. सरकारच्या वर्षाकाठच्या खर्चाची नेहमीची विधेयकंही या वाटेने नेली जात नाहीत, आणि म्हणूनच जुलैत जिंकलेला पक्ष सप्टेंबरच्या अखेरीला अडकला.

नियम सिनेटचाच आहे, तर बदलत का नाहीत?

रीतसर बदलायचा तर त्या बदलावरची चर्चा थांबवायला आणखी जास्त, दोन-तृतीयांश मतं लागतात. मात्र एक आडवाट आहे. तिला ‘अणुपर्याय’ म्हणतात. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर अंपायरने नियमाप्रमाणे आउट दिलं, कप्तानाने दाद मागितली, मैदानातल्या खेळाडूंचं मतदान घेतलं आणि बहुमताने ‘नॉट आउट’ ठरवलं. नियमाचं पुस्तक तेच राहिलं, पण पायंडा पडला आणि तसा चेंडू यापुढे नॉट आउटच.

नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी ५२ विरुद्ध ४८ मतांनी हे केलं. सर्वोच्च न्यायालय सोडून बाकीच्या नियुक्त्यांना साधं बहुमत पुरेल, असं ठरलं. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयही त्यात घेतलं आणि नील गोर्सच ५४ विरुद्ध ४५ मतांनी न्यायमूर्ती झाले. आजची स्थिती अशी की तहहयात नेमल्या जाणाऱ्या न्यायमूर्तीला साधं बहुमत चालतं, आणि काही आठवड्यांच्या खर्चाच्या विधेयकाला ६० मतं लागतात. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की मला त्यामागे कुठलंही तत्त्व दिसत नाही. जिथे ज्या पक्षाला घाई झाली, तिथली भिंत त्याने पाडली.

उरलेली भिंत पाडण्याचेही प्रयत्न झाले. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या विधेयकासाठी डेमोक्रॅट पक्षाने अपवाद करू पाहिला. त्यांचेच दोन सदस्य, जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा, विरोधात गेले. २०२५ मध्ये सरकार बंद असताना ट्रम्प यांनी फिलिबस्टर संपवा असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा रिपब्लिकन नेते जॉन थून यांनी नकार दिला. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आज पाडलेल्या भिंतीतून उद्या समोरचा पक्ष आत येणार.

पण अल्पमताला काहीच संरक्षण नको का?

हा आक्षेप मनापासून घ्यायला हवा. ५१ आणि ४९ मध्ये फरक दोन मतांचा, तरी दर निवडणुकीनंतर देशाचे कायदे उलटेपालटे व्हावेत का? ६० ची अट असली की समोरच्याशी बोलावं लागतं. २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा ६९ विरुद्ध ३० मतांनी झाला, २०२२ चा बंदुकांवरच्या मर्यादांचा कायदा ६५ विरुद्ध ३३ ने. तडजोड होते, याचे हे पुरावे आहेत.

मात्र संरक्षणाच्या भिंती तिथे आधीच बऱ्याच आहेत. दोन सभागृहं, नकाराधिकार, न्यायालय. शिवाय सिनेट लोकसंख्येवर चालतच नाही. सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला दोन सिनेटर आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. त्यात ४१ सदस्यांना रोखण्याचा अधिकार दिला की लहान राज्यांतली मोजकी जनता बाकी देशाला थांबवू शकते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटच्या शाळेत वीस लहान मुलांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर बंदूक विकताना पार्श्वभूमी तपासण्याची दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून आणलेली दुरुस्ती एप्रिल २०१३ मध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी पडली. ५४ बाजूने होते.

मला स्वतःला मधली वाट पटते. ज्याला अडवायचं आहे त्याने पूर्वीसारखं उभं राहून बोलावं, लोकांनी ते पाहावं. त्याने अन्याय टळेलच असं नाही, १९६४ पूर्वीचे लोक उभे राहूनच बोलत होते. पण कोण अडवतंय आणि कशासाठी, हे तरी झाकलं जाणार नाही.

याची झळ आपल्या माणसांपर्यंत

कायदा होत नसला की राष्ट्राध्यक्ष आदेश काढतात आणि आदेश न्यायालयात लटकतात. लहानपणी कागदपत्रांविना आणलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणारं विधेयक डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मतांवर अडलं. मग २०१२ मध्ये ओबामा यांनी प्रशासकीय आदेशाने तात्पुरती सवलत दिली, आणि ती मुलं तेव्हापासून एका निकालाकडून दुसऱ्या निकालाकडे बघत जगत आहेत.

ग्रीन कार्डच्या रांगेतही हा नियम सावलीसारखा उभा आहे. कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, या मर्यादेमुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. पुण्या-मुंबईहून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिच्यात आहेत. मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसाचा आधार सुटतो. ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये बिनविरोध संमतीने ते लवकर नेण्याचा प्रयत्न एकेका सदस्याच्या आक्षेपावर अडत राहिला. एकाच्या आक्षेपात एवढं बळ येतं, कारण त्याच्यामागे आठवडा खाणारी ती चर्चाबंदीची प्रक्रिया असते. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळ्या स्वरूपात ते मान्य केलं, पण दोन मसुद्यांचा मेळ बसण्याआधी सत्र संपलं. रांग तिथेच आहे.

त्या ४३ दिवसांचं पुढे काय झालं

९ नोव्हेंबर २०२५ रोजी बरोबर ६० मतं जमली. विरोधी गटातले आठ जण पलीकडे गेले. भांडण होतं ते आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरच्या वाढीव सरकारी सवलतीचं, जी वर्षअखेरीला संपणार होती. या सवलतीबाबत त्या आठ जणांना मिळालं ते एवढंच आश्वासन, की डिसेंबरमध्ये तिच्यावर सिनेटमध्ये मतदान घेऊ. १२ नोव्हेंबरला सरकार पुन्हा सुरू झालं.

११ डिसेंबरला ते मतदान झालं. सवलत तीन वर्षं वाढवण्याच्या बाजूने ५१, विरोधात ४८. नामंजूर. त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाचा पर्यायी प्रस्तावही मताला आला. तोही ५१ विरुद्ध ४८, तोही नामंजूर. ३१ डिसेंबरला सवलत संपली.